कालवांना पाजलेलं पाणी

सहाची ट्रॅव्हल्स नऊ वाजले तरी आली नव्हती. नागुबाई साडेपाचपासून औसा रोडवर, ट्रॅव्हल्सच्या हापिसापुढं बसून होती. बसून म्हणजे काय, प्लॅस्टिकच्या मोडक्या खुर्चीवर अर्धंच बूड टेकून. पुरतं टेकलं की खुर्ची पाय पसरायची. गुडघे ठणकत होते, ऊन पाठीवर चढत होतं, आणि समोरचा चहावाला तिसऱ्यांदा विचारून गेला होता की कुणाची वाट बघायलात.

"गाडी कुठं मेली?" तिनं हापिसातल्या हरिओमला विचारलं. चांगला पोट सुटलेला, मिशा काळ्या केलेला बाप्या होता.

"तुळजापूरच्या घाटाखाली पंक्चर झाली, मावशी. येयलीय."

"एक चाक बदलायला तीन तास? एवढ्या वेळात आमच्याकडं बाई बाळंत होऊन भाकरी थापायला बसती."

हरिओम हसला. नागुबाई हसली नाही. हसायलाही अंगात काही लागतं. रात्रभर गुडघ्यानं डोळा लागू दिला नव्हता आणि पहाटे लेक उठवून म्हणाली होती, "माय, आजच्या दिवस एवढं कर. मला पाचला हॉटेलात जायचंय, नाष्ट्याची पाळी माझी हाय. तू पेटी उतरून घे, घरी ने, सावलीत ठेव. चार वाजता मी येते आन् घेऊन जाते."

लेकीचं नाव महामाया. चाकूरजवळच्या खेड्यातली, तीन एकरवाल्या घरातली पोर केटरिंगचा कोर्स करून गोव्याला गेली, मालवणात राहिली, अकरा वर्षं समुद्राकाठच्या हॉटेलांतून राबली आणि दोन वर्षांमागं लातूरला आली. इथल्या नव्या हॉटेलात सगळं तीच बघायची. मसाला ती सांगायची, माल ती निवडायची, आणि बिघडलं तर बोलणीही तीच खायची. पण वस्ताद म्हणून तिला कुणी म्हणत नव्हतं. स्वयंपाकघरात जो वरचा, त्याला वस्ताद म्हणतात, आणि ती जागा मालकानं रिकामी ठेवली होती. आज ठरणार होतं. मालक शिवशंकरअप्पांनी सांगून टाकलं होतं, "आजचं जेवण नीट वाढलंस तर वस्ताद तू. न्हाईतर सोमवारी हैदराबादचा माणूस येऊन राहिलाय."

आणि आजचं जेवण म्हणजे एका डॉक्टराच्या पोरीचा साखरपुडा. नवऱ्या मुलाकडची माणसं मालवणची. डॉक्टराला हौस अशी, की पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं: लातुरात, समुद्राचं टिपूस नसलेल्या मुलखात, ताजी कालवं! बारा माणसं, माणशी एक डझन.

नागुबाईला महिनाभर हा शब्दच कळत नव्हता. कालवण तिला ठाऊक होतं. कालवा ठाऊक होता, ज्याला पाणी कधी येत नाही तो. मग लेकीनं समजावलं. ही दगडासारख्या शिंपल्यातली जित्राबं. खाडीत बांबूचा तराफा बांधायचा, त्याला दोऱ्या लोंबत्या सोडायच्या, दोरीत जुने शिंपले ओवायचे. समुद्रातलं बी आपोआप येऊन त्यांना चिकटतं आणि दीड वर्षात हाताच्या पंजाएवढं होतं. बाया छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून गाळ धुतात, चिकटलेली घाण खरवडतात. काढल्यावर दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवतात, म्हणजे पोटातली माती निघून जाते. मग पेटीत भरून गाडीवर.

"म्हणजे खत न्हाई, फवारा न्हाई?" नागुबाईनं विचारलं होतं.

"न्हाई."

"मग ती शेती कसली? ते तर देवाचं देणं."

"त्या बायांचे हात बघ म्हणजे कळंल. शिंपल्याच्या धारेनं चिरलेले आसत्यात."

तेव्हापासून नागुबाईला त्या न पाहिलेल्या बायांविषयी जरा आपलेपणा वाटायचा.

सव्वानऊला गाडी आली. पोटातली डिकी उघडली, बॅगा, टायर, आंब्याच्या पेट्या निघाल्या आणि सगळ्यात मागनं थर्माकोलची एक पांढरी पेटी. चिकटपट्टीवर निळ्या शाईनं लिहिलेलं: जिवंत कालवं. उलटी करू नये. कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"मावशी," क्लीनर वाचून म्हणाला, "कालवा कधी जित्ता आसतो का? आमच्या गावचा तर उद्घाटनादिवशीच मेला."

"तुमच्या गावचं तसंच आसंल. आमच्या गावचा जन्मलाच न्हाई. धर नीट, उलटी करू नगं, लिव्हलंय बघ."

रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसली. गार पाणी लुगड्यातून मांडीला लागलं आणि त्या उकाड्यात तिला बरं वाटलं. तेवढ्यात महामायाचा फोन.

"आली का गं माय?"

"आली. गळून राहिली हाय."

"गळू दे, बर्फ हाय तो. ऐक, आतलं गोणपाट ओलं ऱ्हायलं पायजे. वाळू देऊ नको. आन् पाण्यात..." पुढचं ऐकू आलं नाही. मागं कढई आपटल्याचा आवाज, कुणीतरी "ताई, ताई" करून ओरडत होतं, आणि फोन कटला.

नागुबाईनं ते असं घेतलं: ओलं ठेव, वाळू देऊ नको, पाण्यात ठेव. दुसरं काय असणार? पाण्यातली जित्राबं पाण्यातच ठेवायची. हे सांगायला केटरिंगचा कोर्स कशाला लागतो?

खोलीवर आल्यावर रिक्षावाल्यानं पेटी आत ठेवून दिली आणि तिनं पट्टी सुरीनं कापली. वर ओलं गोणपाट, त्याखाली पेपरात गुंडाळलेल्या, बर्फ भरलेल्या बाटल्या. बर्फ कधीच वितळून गेला होता. खाली ती कालवं. कसली रूपडी! खाणीतल्या दगडाचे टवके, एकावर एक नीट रचलेले, खोलगट बाजू खाली. बारा रांगांत. एक हातात घेतलं तर जड. दुसरं जरासं तोंड उघडून पडलं होतं. तिनं बोट लावलं आणि त्यानं तोंड मिटलं.

नागुबाई दचकली. मग खाली बसली, गुडघ्याचं दुखणं विसरून.

"काल दुपारपासनं चालून आलाव का रे?" ती म्हणाली. "पाणी पाजलं का न्हाई कुणी?"

आता लातुरातलं पाणी म्हणजे काय, हे लातुरातल्या माणसालाच कळतं. नळ आठव्या दिवशी, तोही पहाटे तासभर. महामायाच्या खोलीत निळा ड्रम होता आणि त्यातलं पाणी नागुबाई भांडं मोजून काढायची. भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, त्याच पाण्यानं मग तुळशीच्या जागी लावलेली कोथिंबीर भिजवायची. पण आल्यागेल्याला पाणी ही गोष्ट हिशेबाबाहेरची. तिच्या मायला लहानपणी गावच्या आडावर रिकामी घागर घेऊन उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, नाहीतर उन्हं कलल्यावर रिकामी घागर घेऊन घरी. नागुबाई ही गोष्ट कुणाला सांगत नव्हती. तिनं फक्त आपल्या घरात कायदा केला होता: उंबऱ्यात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. पोस्टमन असो, मतं मागणारा असो, नाहीतर देवणीच्या बाजारातून विकत आणलेला बैल असो.

तिनं कपडे भिजवायचा मोठा टब घासून घेतला. सगळी कालवं त्यात मांडली, जशी पेटीत होती तशीच, खोलगट बाजू खाली. आणि ड्रममधून पाणी काढून काढून ओतलं. आठ बादल्या. ड्रमाचा तळ दिसायला लागला. कालवं बुडाली. काहींच्या तोंडातून बुडबुडे आले.

"प्या," ती म्हणाली. मग टबावर ओलं गोणपाट टाकून तिथंच भिंतीला टेकली, आणि तिला झोप लागली. दिवसाउजेडी, उपाशीपोटी, अशी झोप तिला वर्षात आली नव्हती.

चार वाजता महामाया आली. दार उघडून आत आली, चपला काढल्या, टब बघितला. गोणपाट उचललं. मग खालीच बसली.

"माय. हे काय केलंस?"

"पाणी पाजलं. तूच म्हणलीस की."

"मी म्हणलं, पाण्यात ठेवू नकोस!"

नागुबाई उठून बसली. टबातल्या किती तरी कालवांची तोंडं वासली होती. तिनं एकाला बोट लावलं. ते मिटलं नाही.

"समुद्रातली हायेत ती. खाऱ्या पाण्यातली. गोडं पाणी त्यांना इख हाय, माय. इख."

पाणी हे कुणाला विष असू शकतं, हे नागुबाईला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

महामायानं हात चालवले. एक एक कालव बाहेर काढून, पुसून, कोरड्या फरशीवर. मग फोन लावून स्पीकरवर टाकला. खाडीकाठची मंजुषा, जिच्या बचत गटानं ही कालवं वाढवली होती.

"मंजुषाताई, गोड्या पाण्यात पडली. पाच-सहा तास. नळाच्या."

पलीकडून आवाज, "अगो बाय माझ्या! कोणी घातली?"

महामायानं आईकडं बघितलं. "पडली."

"बरं, ऐक. एकमेकांवर आपटून बघ. दगडासारखी वाजली तर जिती. पोकळ वाजली, नाहीतर तोंड उघडून मिटत नसली, तर फेक. एकसुद्धा ठेवू नकोस. आणि गो, जी बंद आहेत ना, ती कच्ची कोणाला देऊ नकोस. दमली आहेत ती, पोटात काय गेलं ते सांगता येत नाही. चांगली रटरटून भाज, शिजव. कळलं?"

"कळलं."

दोघी मायलेकी बसल्या आपटत. टक, टक. नागुबाईचा कान तयार होता. आठवडी बाजारात मडकं वाजवून घेणारी बाई ती. पोकळ वाजलं की ती नुसतीच बाजूच्या बादलीत टाकी. सगळं झाल्यावर महामायानं मोजलं. बारा डझनातली एकेचाळीस गेली होती. उरली एकशे तीन.

"माणशी आठ तरी येतील," महामाया म्हणाली. "कमी का, म्हणून कुणी इचारणार न्हाई. कच्चीच वाढते."

"ती बाई तर भाजायला सांगून राहिली."

"ती खाडीवर बसलीय, माय. इथं अप्पा बसलेत. डॉक्टरानं कार्डावर छापलंय, बर्फावरची ताजी कालवं, लिंबू पिळून. अप्पानं मोबाइलवर बघितलंय मोठ्या हॉटेलातलं. आता भाजते म्हणलं की कामून भाजतीस, आणि कामून म्हणलं की सगळंच सांगावं लागतंय." पुसता पुसता तिचा हात थांबला. "बंद हायेत म्हणजे जित्ती हायेत. काय होत न्हाई कुणाला."

"आन् झालं तर?"

"तू गप बस. तू आज लई केलंस."

पण महामायाला पेटी एकटीला उचलेना, म्हणून नागुबाई संगं गेली.

हॉटेलाचं स्वयंपाकघर तापलेल्या भट्टीसारखं होतं. लग्नसराईमुळं अर्धी माणसं सुट्टीवर. नागुबाईनं कुणी न सांगता कोपऱ्यात पाट घेतला आणि ब्रशनं कालवं घासायला लागली. धार बोटाला लागली, रक्त आलं, तिनं बोट तोंडात घालून परत ब्रश धरला.

साडेसहाला अप्पा आत आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. माणूस जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला, पण हॉटेल मटणाचं काढलं, कारण लातुरात तेच चालतं. पेटीपासून चार हात लांब उभे राहिले.

"आली का पाहुणी मंडळी समुद्राची?"

"आली, अप्पा," महामाया म्हणाली.

"वास तर येत न्हाई. जित्ती हायेत नव्हं?"

"जित्ती हायेत."

"बर्फ काढून ठेवलाय, तीन परात. बघ बाई, मला यातलं काही कळत न्हाई. मी खात न्हाई, मी चाखत न्हाई. तू म्हणलीस चांगलं, तर ते चांगलं. माझ्या हॉटेलात तुझी जीभ हीच माझी जीभ." आणि नागुबाईकडं वळून म्हणाले, "मावशी, तुम्ही कामून घासून राहिलात? बसा की निवांत."

"बसलेच हाय," नागुबाई म्हणाली.

अप्पा जायला वळले.

त्या दोन पावलांत नागुबाईच्या मनात काय काय येऊन गेलं, ते सांगायला दिवस पुरणार नाही. लेकीची अकरा वर्षं आली. लेकीचं तोंड आलं, पहाटेचं, दमलेलं. आणि हेही आलं, की एक काळ होता, या माणसाच्या आजानं आपल्या आजाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नसतं. आज याच्या हॉटेलात गावची मोठी माणसं आपल्या पोरीच्या हातचं बोटं चाटून खातात, आणि हा म्हणतो, तुझी जीभ हीच माझी जीभ. इतकं चालून आल्यावर त्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं, तर लोक कालवांना नावं ठेवणार नाहीत, त्या हाताला ठेवतील.

"अप्पा, थांबा," ती म्हणाली. "कच्ची वाढू नगा."

"माय!" महामाया ओरडली.

"मी गोड्या पाण्यात घातली ती. सकाळपासनं. एकेचाळीस मेली. उरलेली जित्ती हायेत, पण भाजल्याबिगर द्यायची न्हाईत, आसं पिकवणारीनं सांगितलंय. चूक माझी हाय. पोरीची न्हाई."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अप्पा महामायाकडं बघत राहिले. ती खाली बघत होती.

"भाज," ते म्हणाले. "डॉक्टरास्नी मी सांगतो काय ते." आणि गेले.

महामायानं भट्टी पेटवली, जाळी ठेवली. कालवं निखाऱ्यावर मांडली, आतलं पाणी उकळून त्यांची तोंडं आपणहून उघडली, वर लसूण, कोथिंबीर, तिखट आणि चमचाभर लोणी. वास असा सुटला की भाकरी थापणारी शिवगंगा पीठ हातात घेऊन उभी राहिली. ताटं गेली. दहा मिनिटांनी वाढपी रिकामी ताटं घेऊन परत आला.

"नवऱ्या मुलाची आत्या इचारून राहिली, आजून हायेत का. म्हणली, बरं झालं भाजलीत. आमच्या घरी कच्ची कुणी खात न्हाई, ते मोठ्या हॉटेलातलं याड हाय."

नागुबाईनं कपाळावर हात मारला. म्हणजे ज्या बर्फासाठी एवढं झालं, तो बर्फ कुणाला नकोच होता!

साडेआठच्या सुमाराला अप्पा परत आले. चेहरा उतरलेला नव्हता, पण खुललेलाही नव्हता.

"पाहुणे खुश हायेत," ते म्हणाले. "लई खुश. महामाया, सोमवारी हैदराबादचा माणूस येईल. तू हाय तिथं ऱ्हा."

नागुबाई उठायला गेली, गुडघ्यानं दगा दिला, तरी भिंत धरून उठली. "माझ्या चुकीची सजा तिला कामून, अप्पा? पाणी मी ओतलं."

"पाण्याचं काही न्हाई, मावशी. घरी माझ्या मायनंबी हेच केलं आसतं." अप्पा हळू बोलले, जसं थकलेला माणूस बोलतो. "मी हितं उभा राहून इचारलं, जित्ती हायेत का. एवढं एकच इचारता येतंय मला. आन् खरं काय ते तुम्ही सांगितलं, तिनं न्हाई."

अप्पा वळून गेले.

मागच्या दारी पायरीवर दोघी बसल्या. महामायानं पदरानं तोंड पुसलं. रडली नव्हती, घामच होता. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीतली माती उकरत राहिली.

"बोलली न्हाईस तर चाललं आसतं," शेवटी म्हणाली.

"हाव. चाललं आसतं."

"मग कामून बोललीस?"

"मला ठावं न्हाई. शिव्या द्यायच्या तर दे."

"अंगात बळ न्हाई, माय."

फोन वाजला. मंजुषा. महामायानं परत स्पीकरवर टाकला, कानाला धरायचा कंटाळा आला म्हणून.

"काय झालं गो? भाजलीस ना? पाहुणे काय म्हणाले?"

"भाजली. आवडली. नवऱ्या मुलाची आत्या आजून मागत होती."

"मेली किती? मला वहीत लिहायचं असतं, पुढच्या खेपेला पेटी कशी भरायची ते कळतं."

नागुबाईनं लेकीकडं बघितलं नाही. मुद्दाम रस्त्याकडं बघत राहिली.

"एकेचाळीस," महामाया म्हणाली. "पेटीत न्हाई मेली, ताई. पेटी चांगली होती. माझ्या मायनं टबात घालून नळाचं पाणी पाजलं. मघाशी मी तुला खोटं बोलले."

पलीकडं हसू फुटलं. मोठं, दिलखुलास नव्हे. दमलेल्या बाईचं, नाकातून आलेलं. "तुझी आई आहे का तिथं? दे."

"बोला," नागुबाई फोनकडं तोंड करून म्हणाली. आवाज तिखटच ठेवला.

"मावशे, एकेचाळीस म्हणजे काहीच नाही गो. आमच्याकडं पाऊस जास्ती झाला की नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं आणि राहतं आठ-आठ दिवस. मागच्याच्या मागल्या वर्षी आख्खा तराफा गेला. चार हजार. दीड वर्षाची. सकाळी जाऊन बघितलं तर सगळ्या दोऱ्या तोंड वासून."

नागुबाईनं चार हजार डोळ्यांपुढं आणून बघितली. दोऱ्याच दोऱ्या, वासलेली तोंडं, आणि काठावर उभ्या बाया.

"मग काय केलंत, बाई?"

"काय करणार? दोऱ्या काढल्या, खरवडल्या, पुन्हा बांधल्या. गटातल्या दोघी सोडून गेल्या. बाकीच्या आहोत."

"हात लई चिरत्यात का?"

"चिरतात. पहिली दोन वर्षं. मग कातडं जाड होतं."

नागुबाईनं आपलं घासताना कापलेलं बोट उजेडात धरून बघितलं. मग फोन लेकीकडं सरकवला.

"पुढची पेटी कधी पाठवू गो?" मंजुषा विचारत होती. "त्या आत्याबाईनं मागितली म्हणतेस, म्हणजे अजून येतील मागणारे."

"इचारून सांगते," महामाया म्हणाली. "सोमवारी नवा वस्ताद येयलाय. त्याला इचारावं लागंल."

तिनं फोन ठेवला. आत कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली, पराती कुठं ठेवायच्या ते विचारायला. ती उठली, कमरेवर हात ठेवून जराशी वाकली, सरळ झाली आणि आत गेली. नागुबाई भिंत धरून उभी राहिली. लेकीचं काम आटपायला अजून तास होता. तोवर ती आत जाऊन भांडी विसळू लागली.